सहा योद्धे, एक खांदा

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ६.४०

रजेचा पहिला दिवस. चाळीस दिवस. पाणीमीटर विभागात बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून साठवलेली हक्काची रजा. आता कलेच्या कामी येणार.

वही माझ्यापुरतीच आहे. तरी परिस्थिती लिहून ठेवतो, पुढेमागे चरित्र लिहायची वेळ आली तर शोधाशोध नको. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओला फँटसी व्यक्तिरेखा काढणारा चित्रकार हवाय. वयाची अट नाही (दोनदा तपासलं). ३० तारखेपर्यंत सहा व्यक्तिरेखा पाठवायच्या. अ‍ॅनाटॉमी पक्की हवी. शेडिंग एकाच प्रकाशातलं हवं. हात-पाय पूर्ण दिसले पाहिजेत. एवढंच.

कार्यक्रम: सोमवार कवटी. मंगळवार बरगड्या. बुधवार कंबर. गुरुवार हात. शुक्रवार पाय. शनिवारी माणूस तयार. पुढच्या आठवड्यात शेडिंग. उरलेल्या दिवसांत सहा योद्धे, दिवसाला अर्धा, म्हणजे घाई नाही.

राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. भाषा जरा कडक झालीये, पण साहेबांना कळायलाच हवं.

संध्याकाळी ५.१५

कवटी झाली नाही. पेन्सिली तासून झाल्या, चोवीसच्या चोवीस. टेबल तीनदा हलवलं. भिंतीकडे तोंड केलं तर गुदमरायला होतं. दाराकडे केलं तर स्वयंपाकघर दिसतं आणि भूक लागते. आता खिडकीशी आहे, कपाटाच्या आरशासमोर. जागा ठरली की निम्मं काम होतं.

मंगळवार, २ सप्टेंबर

कवटी काढली. बायकोने विचारलं, भोपळा कशासाठी. तिला कलेतलं कळत नाही. पण वस्तू गोल आहे हे तिने लांबून ओळखलं, म्हणजे शेडिंग जमतंय.

दुपारी तिने विषय काढला. लेकीने ती नोकरीला आहे त्या शहरात नवीन घर भाड्याने घेतलंय, वीस तारखेला राहायला जाणार आहे. बायकोचं म्हणणं, चाळीस दिवस आहेत, त्यातले दहा तिला देऊ, दोघांनी जाऊ. लेकीला भेटून दीड वर्ष झालं. मी म्हटलं, जाऊ ना, फक्त तीस तारीख होऊ दे. ती म्हणाली, सामान वीस तारखेला लावायचंय, तीसला नाही. मी म्हटलं, हा माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, हो का, आणि कपडे वाळत घालायला गेली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

बरगड्या. माणसाला बारा जोड्या असतात. माझ्या माणसाला उजवीकडे बारा आणि डावीकडे चौदा झाल्या. खोडून कागद फाटला. मग लक्षात आलं की योद्धा चिलखत घालणार. बरगड्या दिसणारच नाहीत. रद्द. त्याच न्यायाने कंबरही रद्द. दोन दिवस वाचले.

वाचलेल्या वेळात टेबल पुन्हा भिंतीकडे नेऊन पाहिलं. परत आणलं.

शनिवार, ६ सप्टेंबर. सकाळी

हात. हा अवयव मुळातच नीट विचार न करता बनवलाय. पाच बोटं, पाचांच्या लांब्या वेगळ्या, त्यात अंगठा तिसऱ्याच दिशेला. काल-आज मिळून एकतीस हात काढले. चार हातासारखे दिसतात. बाकी भाजीच्या टोपलीत खपतील.

दुपारी

तोडगा निघाला. पहिली व्यक्तिरेखा: धुक्याचा पहारेकरी. कमरेपर्यंत दाट धुकं. हात झग्यात. चेहऱ्यावर टोपडं. चाळीस मिनिटांत पूर्ण. चित्रात उंची डोक्यांनी मोजतात; याची आठ डोकी, नायकाला शोभेल अशी. साधा माणूस साडेसात डोक्यांचा असतो. (धुक्यात किती डोकी गेली ते मोजता येत नाही, पण माझा अंदाज पक्का आहे.)

राहवेना, म्हणून ऑफिसात जाऊन कॅशियरला दाखवला. शनिवार असला तरी तो असतोच. तो म्हणाला, केस सुंदर. केस नव्हतेच, ते धुकं होतं. पण माणूस दिलखुलास आहे. त्याला सांगून टाकलं की मी आता परत येत नाही, माझी खिडकीजवळची खुर्ची हवी असेल तर खुशाल घे. तो म्हणाला, बघा हं. मी म्हटलं, बघितलंय.

सोमवार, ८ सप्टेंबर

स्टुडिओच्या अटी पुन्हा वाचल्या. हात-पाय पूर्ण दिसले पाहिजेत. ही अट कुणीतरी कलेचा द्वेष करणाऱ्या माणसाने घातलीये. पहारेकरी बाद.

खरी अडचण कळली: मॉडेल नाही. मोठमोठे चित्रकार जिवंत माणूस समोर उभा करून काढतात. बायकोला विनंती केली, छत्री तलवारीसारखी उगारून खिडकीत उभी राहा. सहा मिनिटं राहिली. मग दूध उतू जाईल म्हणून गेली. परत आली तेव्हा छत्री दुसऱ्याच हातात होती आणि चेहऱ्यावर योद्ध्याला न शोभणारं हसू होतं.

मग एकदम सुचलं. आरसा! समोरच तर आहे. आरशातला मॉडेल उठून जात नाही. कपाळावर हात मारून घेतला, हे बावीस वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. डाव्या हातात छत्री उगारायची, उजव्या हाताने मांडीवरच्या बोर्डवर काढायचं. उजवा हात गुंतलेला असतो, म्हणून तिथे झगा. एक हात पूर्ण दिसतो, दुसरा असल्याची खात्री पटते. अट पाळली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हाडांचा राजा काढून झाला. आता शेडिंग.

प्रकाश एका बाजूचा हवा. सकाळी आठला खिडकीतून ऊन डाव्या गालावर पडतं, ते काढलं. मध्येच टपालवाला, मग चहा, मग पेन्सिल शोधणं (कानावर होती). पुन्हा बसलो तोवर ऊन फिरलं. ते खरं असल्यामुळे तेही काढलं. आता राजाच्या नाकाला दोन्हीकडे सावली आहे.

बायको म्हणाली, दोन दिवे लागलेत का. मी म्हटलं, त्या जगात दोन सूर्य आहेत. म्हणताना सहज म्हणालो, पण नंतर अंगावर काटा आला. केवढी कल्पना! स्टुडिओवाले गेमच बदलतील. कागदाच्या खाली टीप लिहिली.

छायेसाठी बोटाने घासलं की मऊ येतं. पण बोट इतकं काळं झालं की बायकोच्या पांढऱ्या उशीवर राजाचा तिसरा गाल उमटलाय. त्यावर घरात थोडं बोलणं झालं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सर्पराणी. स्त्री व्यक्तिरेखा असल्याने नाजूकपणा महत्त्वाचा. आरशासमोर ओढणी घेऊन बसलो. बायकोने चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हिला तुमची ढेरी कशाला दिली. मी म्हटलं, तो नाग आहे, कमरेला गुंडाळलेला. ती म्हणाली, नागाला बेंबी?

टीकेने मी खचत नाही. बेंबीवर खवले काढले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

उजवा खांदा दुखतोय. कलेसाठी शरीर झिजवावं लागतं असं ऐकून होतो, पण इतक्या लवकर! मनातून बरंही वाटलं. बावीस वर्षं खुर्चीत नुसता बसलो, तेव्हा काही दुखलं नव्हतं. निदान कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

बाद झालेल्या पहारेकऱ्याला धुक्यातून बाहेर काढून, हातात छत्री देऊन पुन्हा काढला, म्हणजे तीन योद्धे झाले. तीन बाकी. चित्त एका जागी राहत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कागद बोलावतो. आज टेबलाभोवती साठ-सत्तर फेऱ्या झाल्या असतील. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी निरोप पाठवला, की वर कुणी आजारी आहे का.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बायको गेली. लेकीकडे. एकटीच.

सकाळी ती पिशव्या भरत होती. मी म्हटलं, एक तारखेला मी येतोच. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, खरंच येतो. ती म्हणाली, मी कुठे नाही म्हटलं. फ्रीजमध्ये तीन दिवसांचं जेवण ठेवलंय. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: आज, उद्या, परवा. चौथ्या दिवसाची चिठ्ठी नाही. धडा म्हणून असावं.

आता संपूर्ण एकांत. आता बघावं काम.

सोमवार, २२ सप्टेंबर. सकाळी १०.३०

एकांतात काम होत नाही. घर फार शांत आहे. कुणी भोपळा म्हणत नाही, बेंबी म्हणत नाही. चित्र पूर्ण केलं की सवयीने मागे वळून बघतो.

दुपारी १.००

लेकीचा फोन आला. सामान लागलं. तिने खिडकीशी एक टेबल ठेवलंय, बाबांच्या चित्रांसाठी. दिवाही घेतलाय, मान हवी तशी वळते. तिने विचारलं, एक तारखेला नक्की ना. मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, तिकीट काढल्यातच जमा आहे. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. इतकं की वादळाचा शिकारी अर्धाच राहिला. पण हे सगळं शेवटी तिच्याचसाठी आहे. तिच्या बाबांचं नाव गेममध्ये येईल तेव्हा तिला कळेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वादळाचा शिकारी, गुहेतली वैद्यीण, चिलखती कोळी-मानव. तिघेही तीन दिवसांत. वेग बघून मीच थक्क झालो. कोळी-मानवाला आठ हात हवेत. आरशात एकच उगारता येतो. तोच आठ वेळा काढला, वेगवेगळ्या उंचीवर छत्री धरून. आठही ठिकाणी छत्रीच आहे असं बारकाईने पाहिल्यास वाटू शकतं. बारकाईने बघायला त्यांच्याकडे वेळ नसणार.

पायांचं काय, असा प्रश्न उरला होता. आरसा गुडघ्यापर्यंतच आहे. सहाही जणांना उंच गवतात उभं केलं.

दोन सूर्य कमी पडू लागलेत. वैद्यिणीच्या मागून पण प्रकाश येतोय. टीप बदलून तीन केले.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दुपारी ३.१०

पाठवलं.  लगेच त्यांचं उत्तर आलं: आपले काम मिळाले, दहा दिवसांत कळवू. एवढ्या तत्परतेचा अर्थ उघड आहे.

बायकोला फोन करून सांगितलं, उद्या निघता येणार नाही. मुलाखतीला कधीही बोलावतील, आणि मी गावाबाहेर असेन तर बरं दिसणार नाही.  ती म्हणाली, लेकीला तुम्हीच सांगा. मी म्हटलं, तू सांग ना, तुझं ऐकते. तिने फोन लेकीकडे दिला. लेक म्हणाली, ठीक आहे बाबा. दोनदा म्हणाली.

राजीनामा स्वच्छ अक्षरात उतरवून काढला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मेहुणी आली होती. बायकोची धाकटी बहीण, फिजिओथेरपिस्ट आहे, चौकात स्वतःचं क्लिनिक. बायकोनेच पाठवलं असणार, मी जेवतो की नाही बघायला. डबा ठेवला आणि म्हणाली, भाऊजी, चित्रं दाखवा.

मला बरं वाटलं. सुशिक्षित डोळा, शरीराची जाण असलेला. सहाही मूळ कागद पलंगावर ओळीने मांडले. तिने चष्मा लावला. चहा गार झाला तरी बघतच होती. मी म्हटलं, संकोच करू नकोस, मोकळेपणाने कौतुक कर.

ती म्हणाली, ह्याचा डावा खांदा वर आलाय, दोन बोटं. मी म्हटलं, हाडांचा राजा आहे, ताठा असतो. ती म्हणाली, हिचापण. ह्याचापण. सहाहीजणांची मान पुढे आलीये, पाठीला बाक आहे, डावा खांदा कानाला लागलाय. मग माझ्याकडे बघून म्हणाली, भाऊजी, खांदा दुखतो का.

मी विजयाने म्हटलं, दुखतो, पण उजवा!  तिने मला दंडाला धरून कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि म्हणाली, आता बोर्ड घेऊन बसल्यासारखे बसा. बसलो. आरशात हाडांचा राजा बसला होता. मुकुट तेवढा नव्हता. आरशात उजव्याचं डावं होतं हे मला शाळेपासून माहीत आहे, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

तिने हात वर करायला सांगितला. कानापर्यंत गेला, पुढे जाईना. ती म्हणाली, हे महिन्याभराचं नाही, ही वर्षानुवर्षांची बैठक आहे. महिन्याने फक्त कळस चढवला. सहा आठवडे पेन्सिल बंद, रोज व्यायाम, सोमवारपासून क्लिनिकला या.

ती गेल्यावर खूप वेळ चिडून फेऱ्या मारल्या. वैद्यकीय नजर वेगळी, कलेची वेगळी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. सकाळी ११.२०

उत्तर आलं! दहा दिवसही लागले नाहीत. उतरवून ठेवतो.

"आपण पाठवलेल्या सहाही व्यक्तिरेखा एकाच माणसाच्या वाटतात. वय पन्नाशीच्या आसपास, बैठं काम, अनेक वर्षं एकाच खुर्चीत. हे निरीक्षण आमच्या चारही परीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. सध्याच्या गेममध्ये अशा व्यक्तिरेखेची गरज नाही. तीन सूर्यांची कल्पना कळली, परंतु सावल्या त्या तिघांशीही जुळत नाहीत. शुभेच्छा."

दुपारी १२.४५

शांतपणे पुन्हा वाचलं. चार परीक्षक, चौघांनाही तोच माणूस दिसला. म्हणजे साम्य किती पक्कं आलंय. वय ओळखलं, व्यवसाय ओळखला. "सध्याच्या गेममध्ये" म्हटलंय. पुढच्या गेमचं दार उघडं आहे.

दुपारी ३.००

नाही. दार उघडं नाही.

खिडकीत उभा राहिलो. समोरच्या गॅलरीत एक बाई चादर झटकत होती. मला रडू आलं. बावीस वर्षं मी पाणीमीटरचे आकडे लिहिताना मनात म्हणत आलो, हा मी नव्हे, मी आत दुसराच कुणीतरी आहे. त्या आतल्याला बाहेर काढायला चाळीस दिवस घेतले. आणि सहा वेळा काढला तरी सहाही वेळा मीटर विभागातलाच आला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

रजा संपली. शिल्लक शून्य.

बायको सकाळी परतली. तिला सगळं वाचून दाखवलं, स्टुडिओच्या उत्तरासकट. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. माझ्या खांद्याला तेल लावून दिलं. मग फोनमध्ये लेकीच्या घराचे फोटो दाखवले. स्वयंपाकघर, पडदे, दार. खिडकीशी टेबल होतं. त्यावर लेकीने तिचं ऑफिसचं काम मांडलंय. मी म्हटलं, छान उजेड येतो तिथे. बायको म्हणाली, हो, एकाच बाजूने येतो.

मी विचारलं, आता कधी जाता येईल. ती म्हणाली, पुढच्या वर्षी, रजा साठली की.

सोमवार, १३ ऑक्टोबर

ऑफिस. राजीनामा खिशात होता, सवयीने. साहेबांनी विचारलं, आराम झाला का. मी म्हटलं, झाला.

माझ्या खुर्चीत कॅशियर बसला होता. मीच दिली होती. तो उठू लागला, मी म्हटलं, बस, बस. मला आता दाराजवळची मिळालीये. आत येणाऱ्या प्रत्येकाचा तिला धक्का लागतो. कॅशियरने चित्रांचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. तो म्हणाला, केस खरंच सुंदर होते.

संध्याकाळी क्लिनिकला गेलो. भिंतीला टाचा आणि डोकं टेकवून पाच मिनिटं उभं राहायचं. तीन मिनिटांत घाम फुटला. माणूस सरळ उभा राहिला की साडेसात डोक्यांचा असतो म्हणे. मेहुणीने टेप लावून मोजलं. मी पावणेसात.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मोठी बातमी. आज चित्रं प्रदर्शित झाली.

झालं असं, की गेल्या आठवड्यात मेहुणीने बायकोकरवी विचारलं, ते सहा कागद क्लिनिकसाठी मिळतील का. मी जरा आढेवेढे घेतले, म्हणजे लगेच हो म्हटल्यासारखं दिसू नये. मनातून उकळ्या फुटत होत्या. फ्रेम तिनेच करून घेतल्या, काळ्या लाकडाच्या.

आज कपडे जरा बरे घालून गेलो. बायकोही आली. बाकावर सहा-सातजण बसले होते, आणि सगळे चित्रांकडेच बघत होते! पेन्सिलीच्या कामाकडे लोक असे बघत राहिलेले मी कधी पाहिले नाहीत. एक आजी आपल्या मुलाला सर्पराणी दाखवत होत्या. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. आजी म्हणत होत्या, बघ, तू अगदी असाच बसतोस.

मग फ्रेमच्या खालच्या पट्ट्या वाचल्या, छापील, ठळक अक्षरात. हाडांचा राजा: एक खांदा वर, बोर्ड मांडीवर घेतल्याने. सर्पराणी: मान पुढे, पोटाचे स्नायू सैल. कोळी-मानव: हात खांद्याच्या वर उचलता न येणे. आणि सहाही फ्रेमच्या वर एक मोठी पाटी: असे बसू नका.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी दुर्लक्ष केलं.

विचार केला, चित्रं भिंतीवर लागली, लोक थांबून बघतायत, समजूनही घेतायत. किती चित्रकारांच्या वाट्याला हे येतं? मी खिशातून पेन्सिल काढली, अगदी बारीक टोकाची, आणि मेहुणीला म्हटलं, कोपऱ्यात सही राहिलीये, करून टाकतो. पेन्सिल सहा आठवडे बंद असली तरी सही म्हणजे काही चित्र नव्हे.

तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, नको भाऊजी, पेशंटची नावं आम्ही भिंतीवर लावत नाही.